विश्लेषण : तीन नंबरचा बावटा, ‘यलो अलर्ट’ आणि ‘सर्व्हर डाऊन’... इशाऱ्यांची भाषा शिरोड्यापर्यंत पोहोचते का?

मे महिना सरत आला की सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर इशाऱ्यांचा हंगाम सुरू होतो. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागल्याची बातमी येते, मोबाइलवर ‘ऑरेंज अलर्ट’ झळकतो, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘नागरिकांनी सतर्क राहावे’ असे पत्रक फिरते आणि पहिल्याच वादळी पावसात पतपेढीच्या काउंटरवर ‘सर्व्हर डाऊन’ असे उत्तर मिळते. वेंगुर्ले तालुक्यातील शिरोड्यात मिठागरे आहेत, मासेमारी आहे, सुरूच्या बनामागे वेळागरचा किनारा आहे आणि त्या किनाऱ्यावर पोट असलेले पर्यटन आहे. हे चारही इशारे इथल्या माणसासाठीच असतात. मात्र त्यातल्या कोणत्या शब्दावर होडी वर ओढायची, कोणत्या शब्दावर घर सोडायचे आणि कोणत्या शब्दावर नुसते आकाशाकडे बघत राहायचे, हे बहुतेकांना ठाऊक नसते. हा दोष ऐकणाऱ्याचा नाही, इशारा देणाऱ्या भाषेचा आहे.

‘यलो अलर्ट’ मुळात अलर्टच नाही?

भारतीय हवामान विभागाच्या रंगसंकेतात चार पायऱ्या आहेत. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे ‘वॉच’, अर्थात परिस्थितीवर लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे ‘अलर्ट’, अर्थात तयारीत राहा. लाल म्हणजे ‘वॉर्निंग’, अर्थात कृती करा. तीन रंगांना तीन वेगळे शब्द आणि तीन वेगळी कामे नेमून दिलेली आहेत. वृत्तवाहिन्यांनी आणि वृत्तपत्रांनी मात्र या तिन्हींना ‘अलर्ट’ करून टाकले. ‘यलो अलर्ट’ हा शब्द इतका रुळला आहे की तो चुकीचा आहे हे सांगितले तरी पटत नाही.

याचा परिणाम कोकणात जास्त दिसतो. हवामान विभागाच्या व्याख्येनुसार २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे पडला की तो ‘जोरदार’, ११५.६ मिलिमीटरपासून ‘अति जोरदार’ आणि २०४.४ मिलिमीटरच्या वर गेला की ‘अत्यंत जोरदार’ पाऊस. जुलैत सत्तर-ऐंशी मिलिमीटर पाऊस ही सिंधुदुर्गात बातमी नसते. त्यामुळे पावसाळाभर अधूनमधून ‘यलो अलर्ट’ असतोच आणि अलर्ट असूनही काही झाले नाही, हा अनुभवही पाठोपाठ येतो. प्रत्यक्षात त्या दिवशी काही व्हायचेच नव्हते. सांगणे फक्त ‘लक्ष ठेवा’ एवढेच होते. ते ‘अलर्ट’ म्हणून सांगितले गेले आणि खऱ्या अलर्टची धार बोथट झाली.

एकाच रंगाचे दोन अर्थ कसे?

गोंधळ इथे संपत नाही. चक्रीवादळासाठी हवामान विभागाची वेगळी चार टप्प्यांची पद्धत आहे. साधारण ७२ तास आधी ‘चक्रीवादळपूर्व निरीक्षण’, किमान ४८ तास आधी ‘सायक्लोन अलर्ट’, किमान २४ तास आधी ‘सायक्लोन वॉर्निंग’ आणि वादळ जमिनीवर येण्याच्या किमान १२ तास आधी, जमिनीवर आल्यानंतर ते काय करील याचा अंदाज. या टप्प्यांनाही रंग आहेत. इथे अलर्ट पिवळा, वॉर्निंग नारिंगी आणि शेवटचा टप्पा लाल.

म्हणजे पावसाच्या पत्रकात नारिंगी रंग ‘अलर्ट’ असतो आणि चक्रीवादळाच्या पत्रकात तोच नारिंगी ‘वॉर्निंग’ होतो. दोन्ही पद्धती आपापल्या जागी विचारपूर्वक तयार केलेल्या आहेत. हवामानतज्ज्ञाला त्यात अडचण येत नाही, कारण त्याच्यासमोर पूर्ण पत्रक असते. गावात पोहोचतो तो फक्त रंग, तोही ‘अलर्ट’ हे शेपूट लावून.

‘कमी दाब’ म्हणजे कमी धोका?

समुद्रातील हवामान प्रणालीची चढती भाजणी वाऱ्याच्या वेगावर ठरते. ताशी ३१ ते ४९ किलोमीटर वारा असेल तर ‘डिप्रेशन’, ५० ते ६१ असेल तर ‘डीप डिप्रेशन’ आणि ६२ च्या पुढे गेला की ‘चक्रीवादळ’. त्याला नाव मिळते तेही याच टप्प्यावर. मराठी बातम्यांत मात्र साधे कमी दाबाचे क्षेत्र काय आणि डिप्रेशन काय, दोन्हींसाठी ‘कमी दाबाचा पट्टा’ हाच शब्द सर्रास वापरला जातो. त्यातला ‘कमी’ हा शब्द ऐकणाऱ्याला दिलासा देतो, वास्तविक तो दाबाबद्दल असतो, धोक्याबद्दल नाही.

या शब्दांची किंमत किती असू शकते हे २०१७ च्या ओखी चक्रीवादळाने दाखवले. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी जे ‘डिप्रेशन’ होते, ते ३० नोव्हेंबरला चक्रीवादळ झाले होते. केरळ आणि तमिळनाडूचे हजारो मच्छीमार तेव्हा समुद्रात होते. चक्रीवादळाचा स्पष्ट इशारा ३० तारखेलाच मिळाला, असे केरळ सरकारचे म्हणणे होते. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये असे २९ तारखेलाच कळवले होते, असे हवामान विभागाचे म्हणणे होते. दोघांचे कागद आपापल्या जागी बरोबर असू शकतात. मधे निसटला तो अर्थ. ‘डिप्रेशन’ या शब्दावर प्रशासन धावपळ करत नाही, ‘चक्रीवादळ’ या शब्दावर करते. शब्द बदलेपर्यंत समुद्र खवळलेला होता. अनेक होड्या तर त्याच्या कितीतरी आधी खोल समुद्रात गेल्या होत्या आणि त्यांच्यापर्यंत कोणताच शब्द पोहोचण्याची सोय नव्हती, हेही खरे.

त्या वादळातून वाचलेल्या ६८ होड्या आणि ९५२ मच्छीमार डिसेंबरच्या सुरुवातीला सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागले. त्यामुळे ही गोष्ट दूरच्या केरळची म्हणून सोडून देता येत नाही.

बावटा नेमके काय सांगतो?

मोबाइल येण्याच्या कितीतरी आधीपासून बंदरावरचा बावटा हेच किनाऱ्याचे हवामानपत्र होते. दिवसा शंकू आणि नळकांडी यांच्या खुणा, रात्री दिवे. या पद्धतीत एकूण ११ संकेत आहेत. एक आणि दोन नंबर म्हणजे संकट दूर समुद्रात आहे. तीन नंबर म्हणजे बंदराला सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका आहे. चार नंबर म्हणजे वादळाचा धोका बंदरालाच आहे, पण टोकाची खबरदारी घेण्याइतका नाही. पाच ते सात ‘धोका’ आणि आठ ते दहा ‘मोठा धोका’.

इथे एक बारकावा आहे. पाच, सहा आणि सात हे धोक्याचे चढते क्रम नाहीत. तिन्हींत धोका सारखाच असतो. वादळ बंदराच्या कोणत्या बाजूने जाणार की थेट बंदरावर येणार, एवढाच फरक या आकड्यांतून कळतो. आठ, नऊ आणि दहाचेही तसेच. बाजू कळली की वारा कोणत्या दिशेने फिरणार हे कळते आणि होडी कुठे बांधायची हे ठरते. म्हणजे बावट्याची रचना करणाऱ्यांनी शब्दाआधी कामाचा विचार केला होता.

सर्वांत शहाणा संकेत अकरावा आहे. त्याचा अर्थ वादळ नाही. इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्क तुटला आहे, एवढेच तो सांगतो. आपली यंत्रणाच बंद पडू शकते आणि तसे झाल्यास लोकांना ते कळले पाहिजे, हे जुन्या पद्धतीने मान्य केले होते. आजच्या ॲप आणि एसएमएसच्या व्यवस्थेत अकरा नंबरच्या बावट्याला पर्याय दिसत नाही. टॉवर बंद पडला की मोबाइल गप्प होतो आणि शांतता म्हणजे सुरक्षितता, असा अर्थ लावला जातो.

किनाऱ्यावरचा पिवळा रंग वेगळा आहे?

हो. समुद्रकिनाऱ्यावरील झेंड्यांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरू नका. अर्धा लाल आणि अर्धा पिवळा झेंडा म्हणजे या पट्ट्यावर जीवरक्षकांची नजर आहे, पोहायचे तर इथेच. तेरेखोल खाडीपलीकडे गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर व्यावसायिक जीवरक्षक सेवा आहे आणि तिथे फिरलेला पर्यटक ही खूण ओळखतो. तोच पर्यटक दुसऱ्या दिवशी शिरोड्याला येतो. इथे झेंडा नसेल तर त्याचा अर्थ काय? धोका नाही, की नजर ठेवायला कुणी नाही?

ऑक्टोबर २०२५ मध्ये शिरोडा-वेळागर किनाऱ्यावर सहलीला आलेले एक कुटुंब पाण्यात ओढले गेले आणि अनेकांचा जीव गेला. अशा दुर्घटनेनंतर ‘पर्यटकांनी खबरदारी घ्यावी’ अशा पाट्या लागतात. ‘खबरदारी’ हा शब्द घाटमाथ्यावरून आलेल्या माणसाला काहीच सांगत नाही. गावातला माणूस ‘आज पाण्याला ओढ आहे’ एवढेच म्हणतो आणि त्यात सगळे येते. पाटीवर ‘ओढ आहे, गुडघ्याच्या पुढे जाऊ नका’ असे लिहायला जादा पैसे लागत नाहीत.

‘धोका’ आणि ‘जोखीम’ यांत फरक काय?

आपत्ती व्यवस्थापनाच्या शब्दकोशात ‘हॅझर्ड’, ‘एक्स्पोजर’, ‘व्हल्नरेबिलिटी’ आणि ‘रिस्क’ हे चार वेगळे शब्द आहेत. मराठीत यांतल्या तिघांना तरी सहज ‘धोका’ म्हटले जाते. उधाणाची लाट हा हॅझर्ड. त्या लाटेच्या वाटेत उभी असलेली खानावळ हे एक्स्पोजर. तिचे छप्पर नुसत्या पत्र्याचे आणि खांब वाळूत रोवलेले, ही व्हल्नरेबिलिटी. या तिन्हींच्या गुणाकारातून येते ती रिस्क, म्हणजे जोखीम. लाट थांबवता येत नाही. खानावळ मागे घेता येते आणि छप्पर मजबूत करता येते. सगळ्यालाच ‘धोका’ म्हटले की सगळेच समुद्राच्या माथी मारता येते आणि माणसाच्या हातातले काम दिसेनासे होते. संयुक्त राष्ट्रांच्या आपत्ती-जोखीम कार्यालयाचा ‘नैसर्गिक आपत्ती’ या शब्दालाच आक्षेप आहे तो यामुळेच. वादळ नैसर्गिक असते, त्याची आपत्ती होणे बऱ्याच अंशी माणसावर असते.

सरकारी भाषांतरही एकसारखे नाही. ‘मिटिगेशन’ या एकाच इंग्रजी शब्दासाठी कुठे ‘निवारण’, कुठे ‘सौम्यीकरण’ येते. निवारण म्हणजे संकट नाहीसे करणे आणि सौम्यीकरण म्हणजे त्याची झळ कमी करणे. भूमिगत वीजवाहिन्या टाकल्याने वादळ टळत नाही, वादळानंतरचा अंधार कमी होतो. ज्या योजनेच्या नावात ‘निवारण’ असते, तिच्याकडून गावकरी ते टळण्याचीच अपेक्षा करतो आणि मग त्याचा विश्वास उडतो.

पंचनाम्यातील शब्दाला इतके महत्त्व का?

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ मध्ये आपत्तीची व्याख्या आहे. जीवित, मालमत्ता किंवा पर्यावरणाची मोठी हानी करणारी आणि बाधित भागातील समाजाच्या तोंड देण्याच्या क्षमतेपलीकडची घटना म्हणजे आपत्ती. शेवटचा भाग महत्त्वाचा. मुंबईत जी गैरसोय ठरेल, ती शिरोड्यात आपत्ती ठरू शकते, कारण मोजमाप लाटेच्या उंचीचे नाही, गावाच्या ताकदीचे आहे.

मदत मात्र यादीवर चालते. केंद्राच्या यादीत चक्रीवादळ, पूर, भूकंप, त्सुनामी, गारपीट, दरड कोसळणे अशा ठरावीक आपत्ती आहेत. महाराष्ट्राने आपल्या अधिकारात अवेळी पाऊस, वीज कोसळणे, समुद्राचे उधाण आणि आकस्मिक आग यांची त्यात भर घातली. समुद्राचे पाणी घरात शिरले तर पंचनाम्यात ‘उधाण’ लिहिले जाते की ‘पाणी शिरले’ एवढेच, यावर पुढचा कागद हलतो. मिठागरात महिनाभर राबून तयार केलेले मीठ अवेळी पावसात विरघळले, तर नोंदीत ‘अवेळी पाऊस’ हे शब्द यायला हवेत. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचून घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि कोणता शब्द शोधायचा हे माहीत असल्याशिवाय त्या हक्काचा उपयोग नाही.

वादळानंतर दुकान कधी उघडणार?

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले. झाडे आणि विजेचे खांब कोसळले, अनेक गावे अंधारात गेली आणि विजेपाठोपाठ मोबाइल टॉवरही गप्प झाले. वादळ एका दिवसात निघून गेले, व्यवहार मात्र रेंगाळले. या रेंगाळण्याचा हिशेब करणाऱ्या शास्त्राला ‘बिझनेस कंटिन्युइटी’ म्हणतात. कंपन्यांसाठी त्याचे आयएसओ २२३०१ हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे.

त्यातले दोन शब्द कुणाही दुकानदाराच्या कामाचे आहेत. पहिला ‘आरटीओ’. हा परिवहन कार्यालयाचा आरटीओ नव्हे. काम बंद पडल्यावर ते किती वेळात पुन्हा सुरू व्हायलाच हवे, त्याची मुदत म्हणजे हा आरटीओ. मासळी विकणाऱ्यासाठी बर्फाची ही मुदत काही तासांची असते, लाकूड विकणाऱ्यासाठी आठवड्याचीही चालते. दुसरा ‘आरपीओ’. किती वेळापर्यंतच्या नोंदी गमावणे परवडेल, त्याची मर्यादा. खोल्यांचे बुकिंग फक्त मोबाइलमध्ये असेल आणि महिन्याभरात त्याची प्रत काढलेली नसेल, तर मोबाइल भिजला की महिनाच गेला. रोज रात्री वहीत उतरवून ठेवणाऱ्याचे जास्तीत जास्त एका दिवसाचे नुकसान होते. वही ही मागासलेली पद्धत नाही, ती बॅकअप आहे. क्यूआर कोड चालणार नाही असे चार दिवस येऊ शकतात, हे धरून गल्ल्यात सुटे पैसे ठेवणारा दुकानदार ही योजना नकळत राबवत असतो.

‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे सायबर हल्ला?

नेहमीच नाही. माहिती सुरक्षेत तीन गोष्टी जपायच्या असतात. माहिती भलत्याच्या हाती जाऊ नये ही गोपनीयता, तिच्यात कुणी फेरफार करू नये ही अचूकता आणि हवी तेव्हा ती मिळावी ही उपलब्धता. यांतले काय बिघडले त्यावर ग्राहकाने काय करायचे ते ठरते. मराठी बातमीत मात्र तिन्हींसाठी ‘हॅकिंग’ हा एकच शब्द येतो.

तीन उदाहरणे पुरेशी आहेत. १९ जुलै २०२४ रोजी जगभर लाखो संगणक बंद पडले, विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ते एका सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे झाले, हल्ला नव्हताच. फक्त उपलब्धता गेली होती. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ३१ जुलैला, लहान बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याच्या बातम्या आल्या. राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिला आपल्या जाळ्यापासून तात्पुरते वेगळे केले. सुमारे ३०० लहान बँकांचे ऑनलाइन व्यवहार थांबले, कारण संसर्ग पसरू नये म्हणून दार मुद्दाम बंद केले होते. ग्राहकाने घाबरून ठेवी काढायची ती वेळ नव्हती, थांबायची होती. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेत झाले ते मात्र वेगळे. पैसे काढण्यास मंजुरी देणाऱ्या यंत्रणेचा तोतया उभा करून सुमारे ९४ कोटी रुपये लंपास झाले. तिथे बिघडली ती अचूकता.

सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. ही सक्ती संस्थेसाठी संस्थेकडे कळवण्याची आहे. काउंटरवर उभ्या ग्राहकाला मात्र ‘सर्व्हर डाऊन’ एवढेच उत्तर मिळते. ‘यंत्रणा बंद आहे, तुमचे पैसे सुरक्षित आहेत, उद्या या’ आणि ‘तुमची माहिती बाहेर गेली असू शकते, पासवर्ड बदला’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

स्थानिक शब्दाला जागा मिळते का?

मिळते, आणि त्याचे उदाहरण याच समुद्रावर आहे. वारा नसताना, आकाश निरभ्र असताना अचानक लाटा किनाऱ्यावर चढतात. दूर दक्षिणेच्या महासागरातील वादळांनी उठवलेल्या त्या लाटा असतात. केरळचे मच्छीमार त्याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोरपावलांनी येणारा समुद्र. शास्त्रज्ञांनी हाच शब्द उचलला, युनेस्कोने २०१२ मध्ये तो स्वीकारला आणि आज हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेच्या पत्रकांत तो छापला जातो. मच्छीमाराचा शब्द शास्त्राने घेतला तर तो मच्छीमाराला समजावून सांगावा लागत नाही. कोकणकडे उधाण आहे, ओढ आहे, बावटा आहे. ही बोलीतली गंमत म्हणून ठेवायची शब्दसंपत्ती नाही, इशाऱ्याच्या पत्रकात वापरायची आहे.

मग करायचे काय?

तंत्रज्ञान अडचणीचे नाही. मोबाइलवर एकाच वेळी कर्कश आवाजात इशारा देणाऱ्या यंत्रणेच्या चाचण्या २०२३ मध्ये देशभर झाल्या. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ व्यासपीठ ज्या ‘कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल’वर चालते, त्यात प्रत्येक संदेशासाठी घाई किती, तीव्रता किती आणि खात्री किती हे वेगवेगळे भरायची सोय आहे. शिवाय नेमके काय करायचे त्याचाही रकाना आहे : आसरा घ्या, घर सोडा, तयारी करा, टाळा, लक्ष ठेवा, धोका टळला. मराठीत येईपर्यंत या सगळ्याचे ‘सतर्क राहावे’ होऊन जाते.

म्हणून मागणी साधी आहे. जिल्हा प्रशासनाने हवामान, बंदर आणि महसूल या तिन्ही विभागांसाठी एकच मराठी शब्दसूची ठरवावी आणि ती पावसाळ्याआधी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या, मच्छीमार सोसायटीच्या आणि पतपेढीच्या भिंतीवर लावावी. ती ठरवताना होडीवाल्याला आणि मिठागरवाल्याला विचारावे. वृत्तपत्रांनी ‘यलो अलर्ट’ लिहिणे थांबवून ‘पिवळा : लक्ष ठेवा’, ‘नारिंगी : तयारीत राहा’, ‘लाल : कृती करा’ असे लिहावे. शीर्षकात चार अक्षरे वाढतील, एवढेच.

हवामान विभागाच्या पत्रकातली एक ओळ आजही कोकणात कुणाला समजावून द्यावी लागत नाही. ‘मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.’ कुणी आणि काय करायचे नाही, हे दोन्ही तिच्यात आहे. रंग नाही, क्रमांक नाही, इंग्रजी नाही. बाकीचे इशारे या एका ओळीइतके स्पष्ट झाले, तर शिरोड्याच्या किनाऱ्यावर काही जीव नक्की वाचतील.